आमच्या परिसरातील गिरण्यांचा उदय व ऱ्हास

परमेश्वराच्या कृपेने आमच्या धर्मग्रामास यंदा शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. अशा प्रसंगी निघणाऱ्या स्मरणग्रंथांत देवळाची पायाभरणी, घंटेचे आगमन, क्रमाने येऊन गेलेले धर्मगुरू, शाळेची वाढ इत्यादींचा वृत्तान्त देण्याचा प्रघात आहे, व तो या ग्रंथात अन्यत्र यथासांग दिलेलाच आहे. आमच्याकडे आलेले काम निराळे आहे. ज्या लोकवस्तीसाठी हे देऊळ उभारले गेले ती वस्ती येथे का आली, आणि जिच्यावर तिचा निर्वाह होता ती गिरणी येथून का गेली, हे सांगावयाचे आहे. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या उघडून पाहिल्या तर पित्याच्या धंद्याच्या रकान्यात कोठे फिटर, कोठे कारकून, कोठे बॉयलरवरचा माणूस असे लिहिलेले आढळते. पण त्यापुढे 'गिरणी' हा शब्द बहुधा येतोच. अलीकडच्या वह्यांत तो शब्द सापडत नाही. या दोन वह्यांच्या दरम्यान काय घडले, तो या लेखाचा विषय होय.

गिरण्यांपूर्वीही येथे ख्रिस्ती वस्ती होती, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. दादरचे मुक्तिमातेचे देऊळ, ज्यास लोक आजही पोर्तुगीज चर्च म्हणतात, त्याची स्थापना फ्रान्सिस्कन संन्याशांनी १५९६ मध्ये केली. परळ येथे जेझुइट पंथीयांची वास्तू होती. ती अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी जप्त केली, पुढे ती गव्हर्नरसाहेबांचे निवासस्थान झाली, आणि १८९९ मध्ये प्लेगच्या लशीसाठी हाफकिनसाहेबांची प्रयोगशाळा तेथे आली. भातखाचरे, ताडामाडांच्या वाड्या, मिठागरे व मासेमारी यांवर जगणारे हे टापू होते. येथील मूळच्या ख्रिस्ती रहिवाशांनी १८८७ पासून स्वतःस 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्यांच्या वाड्यांच्या कुंपणापलीकडे धुराडी उभी राहून चुकली होती.

कावसजी नानाभाई दावर या पारशी गृहस्थांनी १८५४ मध्ये कापूस कातण्या-विणण्याची कंपनी स्थापिली व १८५६ मध्ये ताडदेव येथील त्यांच्या गिरणीतून सूत निघू लागले. पुढे अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदी कापसास सोन्याचा भाव आला, आणि लढाई संपताच तो कोसळला. त्या उलथापालथीतून जे भांडवल तगले ते सत्तरीच्या दशकात गिरण्यांत शिरले. चीनच्या बाजारात मुंबईचे सूत खपत असे. एकोणिसावे शतक सरता सरता या बेटावर ऐंशीच्या आसपास गिरण्या झाल्या, व त्यांपैकी बहुतेक भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, दादर या पट्ट्यात होत्या. या पट्ट्यासच लोक गिरणगाव म्हणू लागले.

हात कोणाचे, याचे उत्तर कोकण व देश यांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणी कामगारांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातील होते; सातारा, पुणे, अहमदनगर येथूनही लोक येत; उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान विणकर मदनपुऱ्यात वसले. ख्रिस्ती लोकांची संख्या या समुद्रात नेहमीच थोडी होती. तथापि सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचे, गोव्याकडचे व वसईकडचे जे आपले लोक गिरण्यांत शिरले त्यांच्याच आत्मिक सेवेसाठी हा धर्मग्राम निघाला, म्हणून गिरणीचा इतिहास हा आमचाही इतिहास आहे.

येथे एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. रविवार हा प्रभूचा दिवस. त्या दिवशी अंगमेहनत करू नये, हे आम्ही लहानपणी धर्मशिक्षणात शिकलो. परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली ती कोणा धर्मगुरूने नव्हे. ती मिळविली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. १८८४ पासून त्यांनी कामगारांच्या सभा भरवून मालकांस व सरकारास अर्ज केले. हिंदू कामगारांसाठी रविवार हा खंडोबाचा वार आहे, असाही युक्तिवाद त्यांनी केला. १८९० च्या एप्रिलमधील विराट सभेत दोन स्त्रियांनी व्यासपीठावर उभे राहून भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. त्याच्या पुढल्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोपमहाराज तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र काढून कामगारास कुटुंब पोसण्याइतके वेतन व संघटनेचा हक्क हे न्यायाचे विषय आहेत, दयेचे नव्हेत, असे जगास बजावले. रोमच्या शब्दाआधी एक वर्ष लालबाग-परळच्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या मजुरांनी त्यातील एक कलम आपल्या पुरते अमलात आणून घेतले होते, याचा आम्हांस आनंदच वाटतो. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने वारले.

त्या प्लेगच्या स्मरणार्थ उभारलेले क्रूस आमच्या जुन्या वाड्यांच्या नाक्यांवर अजून दिसतात. १८९६-९७ च्या त्या भयंकर दिवसांत कामगार गावाकडे पळाले, व गिरण्या ओस पडू लागल्या. तेव्हा नाक्यानाक्यांवर मालकांची माणसे उभी राहून रोजच्या रोज चढी मजुरी बोलून मजूर नेत असत. कामगाराची किंमत बाजारात वाढली असा प्रसंग गिरणगावच्या इतिहासात विरळाच.

एरवी ती किंमत दाबून ठेवण्याची यंत्रणा चोख होती. कामास लावण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबराकडे असे. पहाटे भोंगा होताच दरवाज्याशी बदलीवाल्यांची रांग लागे. ज्याच्याकडे जॉबर पाही तो आत जाई, बाकीचे परत फिरत. १९३५ मध्ये बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली खरी, तथापि वर्षानुवर्षे बदलीच राहिलेली माणसे गिरण्यांच्या अखेरीपर्यंत होती. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा पुरुष, खानावळीतील दोन वेळचे जेवण, आणि महिन्याअखेर गावी जाणारी मनिऑर्डर, हा संसाराचा साचा होता. बायको, मुले, म्हातारी आईबापे यांचा भार गाव सोशी. म्हणूनच गिरणी एका माणसापुरते वेतन देऊन सुटू शके. मनुष्यबळावर चालणाऱ्या या धंद्याची भरभराट ज्या पायावर झाली त्यातील निम्मा पाया कोकणातील शेतात होता, आणि त्याचा हिशेब कोणत्याच ताळेबंदात धरला गेला नाही. जातिभेदही दरवाज्याबाहेर राहत नसे. विणकाम खात्यात पगार अधिक, परंतु तेथे धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस तेथे प्रवेश नसे. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उघड मांडला.

आता मुख्य विषयाकडे वळू. गिरण्यांचा ऱ्हास केव्हा सुरू झाला असे कोणासही विचारले तर '१९८२ च्या संपापासून' हे उत्तर तयार असते. आमच्या मते ते अपुरे आहे. गिरणीतून माणसे काढली जाण्यास त्याआधी पन्नास वर्षे प्रारंभ झाला होता. परंतु प्रथम ज्यांना काढले त्या स्त्रिया होत्या, म्हणून त्यास कोणी ऱ्हास म्हटले नाही.

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सरासरी दर पाच कामगारांमागे एक स्त्री होती. बाइंडिंग व रिळिंग या खात्यांत, म्हणजे सूत बॉबिनीवर भरण्याच्या व त्याच्या लडी करण्याच्या कामावर, बहुतेक बायाच असत. त्यांच्यावर जॉबराऐवजी नायकीण असे. मजुरी वजनावर. सूत आले तर काम, न आले तर भिंतीशी बसून राहावयाचे, आणि त्या बसण्याचा पैसा नाही. नवरा बदलीवर असलेल्या घरात ही मजुरीच खरी मीठभाकर होती. विधवांच्या घरात तर दुसरे काहीच नव्हते. आमच्या धर्मग्रामातील वृद्ध स्त्रिया 'आजी बाइंडिंगात होती' असे सांगत, तेव्हा ते सांगण्यात एक ताठा असे, तो आम्ही स्वतः ऐकलेला आहे.

या खात्यांवर घाला तीन बाजूंनी आला. मंदीत व जपानी कापडाच्या स्पर्धेत मालकांनी 'कार्यक्षमता योजना' पुढे केली. विणकराने दोनांऐवजी तीन साचे पाहावे, कातणाऱ्याने एक बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्या, असे ठरले. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप, ज्यात सुमारे दीड लाख कामगार उतरले, त्याचे एक मोठे कारण हेच. लडीच्या सुताची मागणी घटल्याने रिळिंग खाते ओसरले. बाइंडिंगात जलद यंत्रे आली व चार बायांचे काम एकीने होऊ लागले. दुसरी गोष्ट कायद्याची. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे तास मर्यादित करून रात्रपाळी बंद केली होती, आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला, ज्याचे समर्थन डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात केले होते. हे कायदे न्याय्य होते, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु मालकांनी त्यांचा हिशेब असा केला की, जी रात्री चालत नाही व जिला बाळंतपणाचा पैसा द्यावा लागतो ती बाई महाग. तिच्या जागी पुरुष भरावा. दुसऱ्या महायुद्धात तिसरी पाळी सुरू होऊन गिरण्यांतील कामगारांची संख्या दोन लाखांवर गेली, तरी भरती झाली ती पुरुषांची. तिसरी बाजू आपल्याच घरातील होय. कामगार संघटनांनी पुरुषाच्या वेतनास 'कुटुंबाचे वेतन' म्हटले व बाईच्या जागेसाठी लढण्यात हात आखडता घेतला. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या स्त्रिया संपांत आघाडीवर होत्या, लाठ्या खाल्ल्या. पण तडजोडीच्या कागदावर बाइंडिंग खाते बहुधा शेवटी येई. १९८० च्या सुमारास शंभर कामगारांत स्त्रिया फार तर चार-पाच उरल्या होत्या.

त्या गेल्या कोठे? कोणी मासळीची पाटी घेतली, कोणी भांडी घासली, पुष्कळजणी गावी परतल्या. कित्येकींनी घरी खानावळ घातली, म्हणजे ज्या गिरणीने त्यांना बाहेर काढले तिच्यातील पुरुषांस स्वस्तात जेवू घालण्याचे काम चुलीशी बसून केले. या खानावळवाल्या सावकाराच्या कर्जात रुतलेल्या असत. त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. गिरण्यांचे इतिहास लिहिणाऱ्यांनी या प्रकरणास परिशिष्टात जागा दिली आहे. आम्ही ते मध्यभागी ठेवतो, कारण पुढे अडीच लाख पुरुषांच्या वाट्यास जे आले त्याची रीत या बायांवर अगोदर आजमावली गेली होती. काम संपले नव्हते. त्या कामास जडलेला हक्क मात्र मालकांस नकोसा झाला होता.

हे वाक्य कापडाच्या सबंध धंद्यास लागू पडते. १९५० च्या दशकात हातमागाच्या रक्षणासाठी सरकारने गिरण्यांच्या माग वाढविण्यावर बंधने घातली. हेतू स्तुत्य होता. परंतु त्या सावलीत वाढला तो हातमाग नव्हे, यंत्रमाग. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे लहान लहान पत्र्याच्या छपरांखाली चार-सहा माग मांडावे, करात सवलत घ्यावी, कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर राहण्याइतकी माणसे वहीवर दाखवावी, व बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालवाव्या, असा तो धंदा. गिरणी कामगाराने शंभर वर्षांत झगडून मिळविलेले आठ तास, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, दवाखाना, यांपैकी तेथे काहीच लागू नसे. मुंबईतील कैक मालकांनी नफा गिरणीत परत न घालता जुन्या यंत्रांवरच दिवस काढले. काहींनी तर यंत्रमागाचे कापड विकत घेऊन त्यावर आपला छाप मारला. देशात कापड कमी पडले नाही. १९८० च्या दशकात यंत्रमागांचे कापड गिरण्यांच्या कापडाहून कितीतरी अधिक झाले होते.

१४ सप्टेंबर १९८१ रोजी पोपमहाराज दुसरे जॉन पॉल यांचे 'लाबोरेम एक्झर्सेन्स' हे विश्वपत्र निघाले. ते 'रेरुम नोव्हारुम'च्या नव्वदाव्या वर्षदिनी, मे महिन्यातच, निघावयाचे होते. परंतु १३ मे रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या व इस्पितळातून परतल्यावर त्यांनी ते अखेर पुरे केले. त्यात भांडवलापेक्षा श्रमास अग्रमान आहे, हे तत्त्व तर आहेच. त्याशिवाय 'अप्रत्यक्ष मालक' अशी एक कल्पना आहे. ज्याच्या हाती हजेरीपट नाही, परंतु ज्याचे कायदे, कर व धोरणे यांवरून हजेरीपटावरील माणसाचे भवितव्य ठरते, तोही न्यायाच्या दृष्टीने मालकच, असा तिचा आशय. गिरणगावचा ऱ्हास समजून घेण्यास इतके उपयोगी हत्यार आम्हांस दुसरे आढळले नाही. गिरणी मालक दोषी की पुढारी दोषी, या चाळीच्या नाक्यावरील वादात हा तिसरा असामी नेहमी निसटून जातो.

त्या विश्वपत्राच्या प्रती आमच्याकडे येऊन चार महिनेही झाले नसतील तोच, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दिवाळीच्या बोनसपासून पेटलेल्या या लढ्याच्या मुळाशी पगारवाढीइतकाच बदली कामगारांना कायम करण्याचा प्रश्न होता, व त्याहून खोल असा १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा. या कायद्याने एका धंद्यात एकाच प्रातिनिधिक संघटनेस बोलणी करण्याचा अधिकार दिला होता. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि कामगार मात्र दुसरीकडे गेले होते. ज्याच्याशी कामगार बोलू इच्छीत त्याच्याशी मालकांनी बोलण्याचे कारण नव्हते. ज्याच्याशी मालक बोलत त्याचे कामगार ऐकत नव्हते. सरकारने माघार घेतली नाही, डॉक्टरसाहेबांनीही घेतली नाही. संप विधिपूर्वक मागे घेतला असे कधी झालेच नाही; १९८३ च्या मध्यापर्यंत तो विरून गेला.

त्या दीड वर्षात घराघरांत काय झाले ते लिहिणे कठीण आहे. प्रथम बायकांच्या अंगावरील दागिने गेले, मग भांडी गेली, मग मुलांच्या शाळा सुटल्या. पुष्कळ कुटुंबे गावाकडे गेली ती परतलीच नाहीत. आमच्या धर्मग्रामाच्या व्हिन्सेंट द पॉल मंडळाच्या तेव्हाच्या वहीत तांदूळ, रॉकेल व शाळेची फी या तीन शब्दांपलीकडे फारसे काही नाही, आणि मदत घेणाऱ्यांच्या नावांत ख्रिस्ती नावे निम्मीही नाहीत. मंडळाच्या सभासदांनी हे ठराव करून केले नव्हते. शेजार होता, इतकेच. दरम्यान मालकांनी भिवंडीत कापड विणून घेऊन बाजार सांभाळला. गिरण्या पुन्हा उघडल्या तेव्हा एक लाखाहून अधिक कामगारांस जागा राहिली नव्हती.

संपामुळे गिरण्या मेल्या, या मताशी आम्ही सहमत नाही. दुखणे जुने होते. संपाने मरण अलीकडे आणले, आणि ज्यांना ते हवे होते त्यांना एक सबब दिली. नेतृत्वाने परतीची वाट ठेवली नाही, हा दोषही आम्ही झाकू इच्छीत नाही. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार हाती घेतला. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने मात्र न परवडणाऱ्या गिरण्या मिटविण्यास वाट करून दिली.

लँकेशायरचेही असेच झाले, असे सांगणारे सांगतात. ते खरे आहे. महात्मा गांधी १९३१ मध्ये तेथे गेले तेव्हा स्वदेशीच्या चळवळीने बेकार झालेल्या गिरणी कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले होते. परंतु तेथे बेकारास सरकारी भत्ता होता, आणि १९५९ च्या कायद्याने यंत्रे मोडीत काढताना भरपाईची तजवीज झाली. येथे भत्ता म्हणजे कोकणातील भावाचे घर.

राहिली जमीन. या गिरण्यांखाली बेटावरील सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे तीन वाटे ठरविले : एक नगरपालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक सरकारी घरबांधणीसाठी, एक मालकास. १९९६ मध्ये वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने अभ्यासगट नेमला. आमच्या वाचकांस हे नाव परके नाही, कारण दादरच्या मुक्तिमातेच्या देवळाची १९७७ मध्ये पुरी झालेली आजची वास्तू त्यांचीच. सर्व जमिनींचा एकत्र विचार करावा, स्टेशनांजवळ लोकांना वावरण्यास जागा सोडावी, असे त्यांनी सुचविले. ते कागदावर राहिले. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती आणली. उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरविला. त्यानंतर तुकड्यातुकड्यांनी उंच इमारती, दुकाने व कचेऱ्या उभ्या राहिल्या. पाळीच्या वेळी माणसे वाहण्यासाठी बांधलेल्या पुलांवर आता कचेऱ्यांची गर्दी लोटू लागली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, महादूत मिखाएलाच्या सणाच्या सकाळी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे दगावली. मुंबईत सरकारी महामंडळाच्या ज्या थोड्या गिरण्या चालू होत्या त्या २०२० च्या मार्चमधील टाळेबंदीत थांबल्या.

गिरणी कामगारांस घरे देण्याची योजना झाली व २०१२ पासून सोडती निघू लागल्या. अर्ज दीड लाखाहून अधिक आले. घरे मिळाली ती त्यातील एका लहानशा हिश्शास. पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ ही तारीख धरलेली आहे. त्या दिवशी वा त्यानंतर ज्याचे नाव हजेरीपटावर होते तो कामगार, वा त्याचे वारस. ही तारीख का, हे उघड आहे; आणि तिच्यामुळे कोण वगळले गेले हेही, आम्ही वर लिहिले ते ज्यांनी वाचले त्यांस, उघड असावे. बाइंडिंग व रिळिंग खात्यांतून तिशीत, चाळिशीत, पन्नाशीत निघालेल्या बाया या तारखेच्या अलीकडे कधी आल्याच नाहीत.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने आम्ही दोन विनंत्या करतो. ज्यांच्या घरी गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीची पावती वा सेवेचा दाखला असेल त्यांनी तो रद्दीत टाकू नये. ज्यांचे अर्ज अजून लोंबकळत आहेत त्यांचे कागद पाहून देण्यासाठी धर्मग्रामाच्या कचेरीत दर रविवारी मिस्सेनंतर माणसे बसतात, व ती कोणाचाही धर्म विचारीत नाहीत. दुसरी विनंती बाइंडिंगातील बायांविषयी. मरणनोंदीच्या वहीत त्यांच्या नावापुढे 'अमक्याची पत्नी', 'अमक्याची विधवा' एवढेच लिहिलेले आहे. ज्यांना आपल्या आजीचे वा पणजीचे नाव, गिरणी व खाते ठाऊक असेल त्यांनी ते कचेरीत कळवावे. त्या जुन्या नोंदीशेजारी समासात धंदा लिहून घेण्याची परवानगी धर्मगुरूंनी दिली आहे, आणि पहिली अकरा नावे गेल्या आगमनकाळात लिहून झाली आहेत.